खालचीच्या चिलीतलं मीठ

आई, आज दुपारी मी आपल्या घरात गाईचं मांस शिजवलं.

हे तुला माझ्याखेरीज कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. त्यासाठी नवं पातेलं आणलं, नवी पळी आणली, देव ज्या खोलीत आहेत तिचं दार लावून घेतलं आणि बाहेर ओहायोचा डिसेंबर असताना स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या उघड्या टाकल्या. नवरा स्वेटर चढवून आला आणि म्हणाला, "यार, एवढं टेन्शन घेतेस तर मी बाहेर ग्रिलवर करून देतो ना." तो नागपूरचा, सगळं खाणारा, त्याला यात एवढं काय ते कळत नाही. त्याला म्हटलं, तू मध्ये पडू नकोस, हे मलाच करायचं आहे. खालचीनं मागितलं म्हणून करायचं होतं. खालची म्हणजे तुझी खालची. आपण अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहायचो तेव्हा आपल्या पायाखाली राहणारी, शाळेची पिवळी बस चालवणारी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, शेगडीपुढे उभं राहवत नाही, आणि तिला तुझी चिली खायची आहे. 'तुझी' हा शब्द तिचा. "युअर मॉम्स चिली," असं ती फोनवर म्हणाली आणि सात वर्षांनी माझ्या पोटात पुन्हा तिथंच दुखलं जिथं तेव्हा दुखायचं.

बघ ना. जिनं जन्मात घरात अंडं येऊ दिलं नाही, तिच्या नावावर गाईच्या खिम्याचा एक पदार्थ आहे. खिमा, राजमा, टोमॅटो आणि तिखट यांचा इकडचा घट्ट रस्सा, चाळीस मिनिटांत होणारा, थंडीत वाडगा भरून खाल्ला की दुसरं काही लागू नये असा. त्यात तू वांगं घातलंस आणि तो तुझा झाला. आणि तो येतो कोणाला, तर खालचीला. तुझी भरली वांगी, तुझी आमटी, तुझं काहीच ज्या मुलीला येत नाही ती मी. इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला मी सात वर्षं पेपर प्लेट आणि नॅपकिन आणते. काकू मंडळी हसून म्हणतात, "असू दे गं, तू ऑफिसवाली." मीही हसते.

तू मार्चमध्ये आलीस, २००१ साली, माझ्या बाळंतपणाला. एप्रिलमध्ये नात झाली. जूनमध्ये मला कामावर हजर व्हावं लागलं, कारण त्या वर्षी दर शुक्रवारी कोणाची तरी खुर्ची रिकामी दिसायची आणि आमचा व्हिसा माझ्या खुर्चीला बांधलेला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर घरभर भरताचा वास आणि तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी लपवल्याचं हसू. दुपारी तू विजेच्या कॉइलच्या शेगडीवर जाळी ठेवून वांगं भाजत होतीस. छताला लावलेली धुराच्या अलार्मची पांढरी तबकडी बोंबलायला लागली, बाळ उठलं, तुला ती बंद कशी करायची ते ठाऊक नाही. आणि दार ठोकून एक उंच, करड्या केसांची बाई ओला टॉवेल घेऊन आत आली, न विचारता खुर्चीवर चढली आणि टॉवेल फिरवत राहिली. मग खाली उतरून तिनं शेगडीवरचं काळं ठिक्कर वांगं पाहिलं. तिला वाटलं, बिचारीचं जेवण जळालं. तू तिला थांबायची खूण केलीस, पाण्याचा हात लावून साल सोललंस, कांदा, मिरची, दाण्याचं कूट, वरून फोडणी, आणि तिच्या हातावर वाटी ठेवलीस. उभ्या उभ्या खाऊन तिनं दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, हे तू मला तीनदा सांगितलंस. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "कळलं गं."

तिच्या मागच्या दाराशी वांग्याची दोन झाडं होती. दरवर्षी फळं धरायची आणि ती लोकांना वाटून टाकायची, तिला त्यांचं काय करायचं ते माहीत नव्हतं. शाळेला सुट्टी लागलेली, तिला दिवसभर काम नाही. तुला इंग्लिश 'यस', 'नो' आणि 'टू मच' एवढंच. तिला मराठी शून्य. आणि तरी तुम्ही दोघी सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत काय बोलायचात देव जाणे. मी ऑफिसमधून फोन केला की तो तिसऱ्या-चौथ्या रिंगला उचलायचीस, मागं तिचं हसणं ऐकू यायचं आणि कधीकधी बाळाचंही. माझं बाळ पहिल्यांदा खळखळून हसलं ते खालचीच्या मांडीवर. तू ते आनंदानं सांगितलंस, मी तुझ्याकडे बघत राहिले आणि म्हटलं, "वरण परत तळाला लागलं का?" लागलं नव्हतं. तुझं कधीच लागायचं नाही.

स्वयंपाकघरातली तू मला लहानपणापासून पाठमोरीच आठवतेस. आठ-नऊ वर्षांची आहे मी. तू आमटीवर वाकली आहेस, एका हातानं पदर छातीशी धरलाय, डोळे मिटलेत. वाफ नाकात घेतेस, क्षणभर थांबतेस, मग चिमटीनं मीठ घालतेस आणि पुन्हा वाकतेस. नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न उष्टं करायचं नाही, म्हणून तू कधी चाखलं नाहीस. सगळ्या गल्लीत तुझ्या हाताचं मीठ कधी चुकलं नाही असं बोललं जायचं. बाकीच्या बायकाही चाखायच्या नाहीत, पण त्या अंदाजानं घालायच्या आणि चुकायच्या. तू म्हणायचीस, मीठ कमी असलं तर वास खालीच बसतो, वर येत नाही. एकदा मी तुझ्या शेजारी जाऊन बोट आमटीत बुडवलं आणि तोंडात घातलं. तू हातावर फटका मारलास. "उष्टं केलंस. आता ही आमटी देवापुढे जाणार नाही. जा, पुस्तक घेऊन बस, तुझं काम तिकडे." मी गेले. गेले ती गेलेच. पुढे पहिली आले, इंजिनियर झाले, अमेरिकेला आले. तू सगळ्यांना अभिमानानं सांगायचीस, आमच्या हिला चहासुद्धा येत नाही. मी तो माझा मोठेपणा समजत होते.

आता त्या वर्षीचा ऑगस्ट. शाळा सुरू व्हायच्या आधीचा आठवडा. त्या दिवशी आमच्या ऑफिसात दुपारीच सगळ्यांना घरी पाठवलं, कारण मजल्यावरच्या अकरा जणांना काढलं होतं आणि उरलेल्यांना काम सुचत नव्हतं. मी उरलेल्यांत होते. घरी येऊन तुझ्या मांडीवर डोकं ठेवायचं असं ठरवत ड्राइव्ह करत होते. दार उघडलं तर घरात कोणी नाही. बाळ नाही, स्ट्रोलर नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग फ्रिजवर तुझी चिठ्ठी दिसली. 'खालचीबरोबर तिच्या ऑफिसात जाते. बाळ बरोबर आहे. आमटी झाकून ठेवली आहे.' तिचं ऑफिस म्हणजे रस्त्यापलीकडचा बस डेपो. सहा महिन्यांत माझं ऑफिस बघायला चल म्हटलं तर तू म्हणालीस, मला काय कळतंय तिथलं. आणि तिच्या ऑफिसात तू पायी गेलीस.

खिडकीतून बघत उभी राहिले. तासाभरानं तुम्ही आलात. तू साडीवर माझे स्नीकर्स घातलेले, स्ट्रोलर ढकलते आहेस, आणि ती शेजारून एक मोठं पातेलं घेऊन चालली आहे. जिन्यातच तिनं मला सांगायला सुरुवात केली. ड्रायव्हर लोकांचं वर्षाच्या सुरुवातीचं जेवण होतं, ज्यानंत्यानं घरून काही आणायचं. "एव्हरी इयर आय ब्रिंग हाफ ऑफ इट होम. टुडे, लुक." तिनं पातेलं तिरकं करून दाखवलं. चाटूनपुसून रिकामं. "युअर मॉम डिड दॅट. शी सॉल्टेड इट विथ हर नोज." मी पातेल्यात पाहिलं. तळाला लालसर तेल आणि खिम्याचे चार कण.

दार लावून घेतलं आणि मी तुझ्यावर चालून गेले. "आई, ते मांस कशाचं होतं, माहीत आहे का तुला?"

तू बाळाचे मोजे काढत होतीस. "माहीत आहे. तिनं पहिल्या दिवशीच सांगितलं. हंबरून दाखवलं."

"आणि तरी तू त्याला हात लावलास?"

"हात कुठं लावला? नाक लावलं. तिच्या चिलीला अंग नव्हतं गं, पाणी एकीकडे आणि खिमा एकीकडे. म्हटलं, वांगं भाजून घाल, मिळून येईल. आली की नाही मिळून?"

"बाबांना कळलं तर?"

"मी सांगीन त्यांना. मी खाल्लं नाही, देवाला दाखवलं नाही. समोरच्या माणसाच्या पातेल्यात मीठ कमी आहे, हे कळत असून गप्प बसायचं, हे कोणत्या धर्मात सांगितलंय?"

आणि मग मी तुला नको ते बोलले. गावाकडे शेजारणीचं पाणी चालायचं नाही आणि इथं येऊन गोमांस चालतं, असं काहीतरी. देव मध्ये आणले, आजी मध्ये आणली, बाबांची तब्येत मध्ये आणली. आज सांगते, मला त्यातल्या कशाचंही काही नव्हतं. मी स्वतः ऑफिसच्या पार्टीत कशाच्या शेजारचं काय खाल्लंय ते मलाच माहीत. मला फक्त जळत होतं. ज्या नाकाची गोष्ट गल्लीला ठाऊक होती ते तू तिच्या पातेल्यावर नेऊन धरलंस, आणि मला फटका मारला होतास. शेवटी खरं तेच तोंडातून निघालं. म्हटलं, "तिला सगळं शिकवतेस. मला कधी काय शिकवलंस?"

तू बाळाचे मोजे घडी करून स्ट्रोलरच्या खिशात ठेवलेस. मग म्हणालीस, "तिनं विचारलं. तू कधी विचारलंस?"

"तू हाकललंस मला."

"हाकललं तर मांजरसुद्धा दोनदा परत येतं," तू म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. उठून आमटी गरम करायला ठेवलीस, आणि माझं त्या दिवशी अकरा जण गेल्याचं तुला सांगायचं राहिलं ते राहिलंच.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तू परत गेलीस. बॅग भरताना काळ्या मसाल्याची बाटली हातात धरून उभी होतीस, कॉफीची जुनी बाटली, वर पांढऱ्या चिकटपट्टीवर तुझ्या अक्षरात 'का. म.' लिहिलेलं. मला वाटलं, ती मला देशील. तू म्हणालीस, "ही खालचीला देते. तू काय करणार, तुझ्याकडे नुसती वाळून जाईल. पिकतं तिथं विकत नाही." हे हसून म्हणालीस. मीही हसले असेन. विमानतळावर ती तुझ्या गळ्यात पडून रडली आणि मी पार्किंगचं तिकीट शोधत होते.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. नोव्हेंबरमध्ये खालची वर आली आणि माझ्या हातात एक पाकीट दिलं. तुला पाठवायचं होतं, पत्ता तिला लिहिता येत नव्हता. म्हणाली, "टेल हर इट्स इम्पॉर्टंट." मी 'शुअर' म्हटलं आणि पाकीट स्वयंपाकघरातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकलं, विमानातल्या चटणीच्या पुड्या आणि जुन्या चाव्या असतात त्यात. त्याच आठवड्यात पाठवायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात ठरवलं. दर रविवारी फोन कार्डवरून तुला फोन करायचे. बाळाचं वजन, माझी नोकरी, बाबांची शुगर, आणि सगळं झाल्यावर तू सहज विचारावं तसं विचारायचीस, "खालचीनं काही निरोप दिला का गं?" मी म्हणायचे, "नाही." चार-पाच रविवार विचारलंस. मग एका रविवारी स्वतःच म्हणालीस, "विसरली असेल. माणसं विसरतात, चालायचंच." ड्रॉवर माझ्या पायाशी होता. फोनची वायर तिथपर्यंत पोचत होती. मी म्हटलं, "अगं, अमेरिकन आहेत, तेवढ्यापुरतं गोड बोलतात." फेब्रुवारीत तू गेलीस.

मला तिकीट मिळेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. बाबा म्हणाले, आता येऊन काय करतेस, तान्ही पोर आहे. मी इथंच बसले. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी जेवण आणतात, हे तिला कोणी सांगितलं होतं? तिच्याकडचीही रीत तीच निघाली. दुसऱ्या दिवशी ती पातेलं घेऊन दारात उभी. तीच चिली, तुझं वांगं, तुझा मसाला. झाकण जरासं हललं आणि घरभर तुझा वास आला. ती जिन्याच्या पायरीवर बसून रडली आणि मग विचारलं, "डिड शी गेट माय कार्ड?" मी म्हटलं, "यस. शी लव्ह्ड इट." ती गेल्यावर मी ते सगळं पातेलं सिंकमध्ये ओतलं आणि त्याच्या तळाचं खरकटं दळायचं मशीन चालू केलं. नवरा बघत राहिला. नळ सोडून मी तिथं उभी होते आणि तो वास काही जाईना. मला वाटत होतं, तू गेल्यावरही तिच्याकडून येतेस, माझ्याकडून येत नाहीस.

मग आम्ही घर घेतलं, याच गावात, दहा मिनिटांवर. ती दिवाळीला आणि लेकीच्या वाढदिवसाला येत राहिली. लेक तिला 'ग्रॅनी बस' म्हणते. मी तिच्याशी नेहमी नीट वागले, इतकी नीट की तिला कधी ताकास तूर लागू दिली नाही. काल तिला बघायला गेले. पाय उशीवर ठेवून पडली होती. म्हणाली, फ्रीझरमध्ये मागच्या बाजूला बघ. पाहिलं तर तीच कॉफीची बाटली, चिकटपट्टीवर 'का. म.' तळाला दोन चमचे मसाला. सात वर्षं तिनं तो चिमटी-चिमटीनं वापरला. "यूज इट. इट्स हर्स," म्हणाली. आणि मी निघताना हसून म्हणाली, "शी नेव्हर टोल्ड मी द सॉल्ट, यू नो. आय आस्क्ड हर. आय फिगर्ड शी वॉज सेव्हिंग दॅट फॉर यू."

मला ते तेव्हा नीट कळलं नाही. गाडीत एवढंच कळलं की मला कोणीतरी काहीतरी चांगलं दिलंय. तू माझ्यासाठी काही राखून ठेवलं होतंस असं तुझ्याबद्दल पहिल्यांदाच कोणी बोललं होतं. आख्खा रस्ता मी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत आले.

आज सकाळी कृती हवी म्हणून पाकीट काढलं. घर बदललं तरी ते माझ्याबरोबर आलं होतं, ड्रॉवर नवा, चाव्या त्याच. फोडलं. आत एक कार्ड. एक पौंड खिमा. एक मोठं वांगं, बाहेरून पूर्ण काळं होईपर्यंत भाजणे, अलार्मला घाबरू नये. राजम्याचे दोन डबे, टोमॅटोचा एक. कांदा, लसूण, तिखट. तुमचा काळा मसाला एक चमचा. आणि शेवटच्या ओळीत 'मीठ' लिहून पुढे रेघ ओढून जागा मोकळी सोडलेली. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात, हे तेवढं तुम्ही भरून परत पाठवा, हे नेहमी तुम्हीच करत होतात, मला जमत नाही. आणि खाली, परत या. बस, एवढंच. मी कार्ड उलटसुलट करून तीनदा वाचलं. खोटं कशाला सांगू, मी त्यात स्वतःला शोधत होते. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मग ती मोकळी रेघ बघत मी खाली बसले. तू जाईपर्यंत तीन महिने तिनं उत्तराची वाट पाहिली होती. उत्तर आलं नाही, तर तिनं तुला नावं ठेवली नाहीत, माझ्यासाठी राखलं असेल असं समजून घेतलं. आणि तू तिकडे, माणसं विसरतात, म्हणून गेलीस. तुम्हा दोघींमध्ये मी बसले होते, ड्रॉवरवर पाय ठेवून. काल जे मला मिळालं असं वाटलं ते माझ्याच खोटेपणातून उगवलेलं होतं. तू माझ्यासाठी मीठ राखलं नव्हतंस. तुला कोणी विचारलंच नव्हतं.

तरी वांगं भाजायला घेतलं. ग्रिलवर नाही, कॉइलवरच, जाळी ठेवून. साल तडकलं, धूर झाला आणि अलार्म वाजला. मी सवयीनं दाराकडे पाहिलं. खालून कोणी आलं नाही. आता खाली तळघर आहे. लेक कानावर हात ठेवून ओरडत आली, "मॉम, आर वी ऑन फायर?" तिला म्हटलं, "नाही गं, वांगं आहे." वांगं सोललं, हातानं कुस्करलं. खिमा परतताना मी दुसरीकडे बघत होते, मग बघायला लागले, मग काही वाटेनासं झालं. कांदा, लसूण, डबे. तुझी बाटली उघडली. एक चमचा घातला. राहिलेला एक चमचा माझ्याकडे ठेवून घ्यावा असं वाटून बाटली दोनदा तिच्या पिशवीतून बाहेर काढली आणि दोनदा परत ठेवली. वांगं घातल्यावर पाच मिनिटांत सगळं मिळून आलं, तू म्हणाली होतीस तसं.

मिठाला आले आणि थांबले. नवरा चमचा घेऊन तयार होता, चाखून सांगतो म्हणाला. त्याला म्हटलं, थांब. ओढणी एका हातानं छातीशी धरली, वाकले, डोळे मिटले. पहिल्यांदा नुसती वाफ आली. टोमॅटो आला, तिखट आलं, मसाला कुठंतरी खाली होता, वर येत नव्हता. चिमटी घातली, ढवळलं, पुन्हा वाकले. अजून खाली. आणखी अर्धी चिमटी. आणि मग आई, तो आला वर. सुतकातल्या दिवशी झाकण हललं तेव्हा आला होता तसाच. मी नवऱ्याला म्हटलं, आता चाख. त्यानं चमचा तोंडात घातला, डोळे मोठे केले. "भारी आहे यार. मीठ एकदम बरोबर. किती घातलंस?" मी पातेल्यावर झाकण ठेवलं. म्हणजे मला हाकललंस तरी मी कुठंतरी तुझ्या पाठीमागे दारात उभी होते तर, पुस्तक हातात धरून. हे मला ठाऊक नव्हतं आणि तुलाही नव्हतं.

साडेतीन वाजलेत. पातेलं टॉवेलमध्ये गुंडाळून तयार आहे, लेक बूट घालते आहे. पाकीट माझ्या पर्समध्ये आहे. ते तुझ्यापर्यंत कधी पोचलंच नाही आणि का पोचलं नाही, हे तिला आज सांगणार आहे. त्यानंतर ती मला दारातून आत घेईल की नाही माहीत नाही. घेतलंच आणि वाडगा संपवून तिनं मिठाचं विचारलं, आणि ती विचारेलच, ती विचारणारी आहे, तर मात्र नाकाचं काही न सांगता मी तिला म्हणेन की अंदाजानं घातलं.